ऑस्प्रेचा वाद नेमका कशाचा?

ऑस्प्रे म्हणजे हेलिकॉप्टरसारखं उभं उतरणारं आणि विमानासारखं उडणारं अमेरिकी लष्करी यंत्र. त्याची गोष्ट इराणच्या वाळवंटात सुरू होते. एप्रिल १९८०. इराणमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला निघालेल्या आठ अमेरिकी हेलिकॉप्टरांपैकी सहाच ठरल्या जागी पोचली, त्यातलंही एक नादुरुस्त निघालं. मोहीम गुंडाळली, आणि परतीच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. हेलिकॉप्टरसारखं कुठेही उतरणारं आणि विमानासारखं लांब पल्ला मारणारं यंत्र हवं, ही मागणी या फजितीनंतर जोर धरू लागली.

मग पंखांच्या दोन टोकांना दोन इंजिनं बसवली. उभी केली की हेलिकॉप्टर, आडवी केली की विमान. पण रोटरचा, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चक्राचा, व्यास ३८ फूट: हेलिकॉप्टर म्हणून तोकडा, विमान म्हणून अवाढव्य. इंजिनं बंद पडली तर हेलिकॉप्टर वाऱ्यानं फिरणाऱ्या पात्यांवर तरंगत उतरू शकतं. ऑस्प्रेला तो भरवसा नाही. एकच इंजिन गेलं, तर पंखातून जाणारा दांडा दुसऱ्याची ताकद दोन्ही रोटरना पोचवतो. म्हणजे सगळा जीव ही ताकद पोचवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीत, गिअरबॉक्समध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एप्रिल २०००, ॲरिझोनातलं मराना. वैमानिक फार वेगानं खाली उतरत होते, एका बाजूचा रोटर आपल्याच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडला, विमान उलटलं, १९ जण गेले. त्याच डिसेंबरात हायड्रॉलिक गळती आणि सॉफ्टवेअरची चूक एकत्र आली, आणखी चार. हे अपघात भयंकर होते, पण त्यातून शिकणं झालं: उतरण्याच्या वेगावर कडक बंधनं आली, सॉफ्टवेअर सुधारलं. २००७मध्ये ऑस्प्रे इराकला गेलं.

लढाईत उपयोग किती? समर्थक २०११च्या लिबियाचं नाव घेतात. पडलेल्या लढाऊ विमानाच्या वैमानिकाला ऑस्प्रेनंच उचलून आणलं. मला मात्र डिसेंबर २०१३मधलं दक्षिण सुदानचं बोर शहर जास्त बोलकं वाटतं. तिथे अडकलेल्या अमेरिकी नागरिकांना आणायला गेलेल्या तीन ऑस्प्रेंवर जमिनीवरून गोळीबार झाला, ११९ गोळ्या लागल्या, चार जण जखमी झाले, तरी तिन्ही विमानं शेकडो किलोमीटर दूर युगांडातल्या एन्टेबेला पोचली. यंत्र चिवट आहे, वादच नाही. पण बोरमध्ये उतरता आलं नाही ते नाहीच. अडकलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं ते साध्या हेलिकॉप्टरांनी!

आता पुन्हा गिअरबॉक्सकडे. इंजिनाची ताकद रोटरकडे जोडणारा क्लच क्षणभर सुटून धाडकन पकडतो, हा दोष २०१०पासून माहीत होता. जून २०२२मध्ये कॅलिफोर्नियात त्यानंच पाच मरीन सैनिक गेले. क्लच असलेला सुटा भाग वेळेआधी बदलण्याची सक्ती आली ती त्यानंतर, २०२३मध्ये. माझा राग आहे तो इथे. मरानात निसर्गाचा एक नियम अंगावर आला होता. इथे दोष ओळखीचा होता आणि तो कागदावर पडून राहिला. नोव्हेंबर २०२३मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ गिअरबॉक्समधलंच एक चाक तडकलं. धातूचे कण सुटल्याच्या सूचना कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा येत होत्या, तरी उड्डाण चालू राहिलं. आठही जण गेले.

मग सगळी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर. मार्च २०२४मध्ये उडाली, पण अटीवर: उतरता येईल असा विमानतळ अर्ध्या तासाच्या आत हवा. लांब पल्ल्यासाठीच जन्मलेल्या यंत्राला ही अट! भर समुद्रातल्या विमानवाहू नौकांना सामान पोचवण्याचं काम मग निवृत्तीला टेकलेल्या ग्रेहाउंड या जुन्या मालवाहू विमानांच्याच गळ्यात पडलं.