अपग्रेडनंतर पेनड्राइव्ह का लागत नाही?

(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यांसमोर आणा. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी, मालकाने सकाळीच लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) अपग्रेड केलेलं, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह काही केल्या उघडत नाही. दुसरा लावला, तोही नाही. ‘पोर्ट गेला’पासून सुरुवात होते आणि ‘सगळं फॉरमॅट मारूया’वर गाडी येते. फॉरमॅट मारू नका, एवढं सांगायलाच मी उभा आहे.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळे ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) पोटात घेऊन फिरत नाही. पेनड्राइव्ह लावला की यूएसबी-स्टोरेज हे मॉड्यूल, म्हणजे गरजेला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा, डिस्कवरून तेव्हाच उचललं जातं, तेही ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ या फोल्डरातून. तिथे प्रत्येक कर्नलच्या नंबराचं वेगळं फोल्डर असतं, आणि शोध फक्त चालू कर्नलच्या फोल्डरात होतो. आर्च या लिनक्सच्या प्रकारात कर्नल अपग्रेड झाला की जुनं फोल्डर जातं, नवं येतं. मेमरीत मात्र अजून जुनाच कर्नल. पडदा, कीबोर्ड, नेट व्यवस्थित चालतं, कारण त्यांची मॉड्यूल्स आधीच मेमरीत बसलेली असतात. म्हणून तर माणूस फसतो.

टर्मिनलमध्ये आधी ‘युनेम -आर’ मारा, म्हणजे चालू कर्नलचा नंबर दिसेल, मग त्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरातली यादी बघा. वर ६.१०.८ आणि यादीत फक्त ६.१०.९ दिसलं, तर मशीन रीस्टार्ट करा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

रीस्टार्टनंतरही जुनाच नंबर आला, तर खरी मजा. कर्नल ठेवायचं ‘बूट’ फोल्डर डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) असेल आणि अपग्रेडच्या वेळी ते माउंट, म्हणजे जोडलेलं, नसेल, तर नवा कर्नल रूटवरच्या (मुख्य पार्टिशनवरच्या) रिकाम्या ‘बूट’ फोल्डरात जाऊन पडतो. मशीन चालू होताना कर्नल उचलणारा बूटलोडर बिचारा खऱ्या पार्टिशनवरचा जुनाच उचलतो. आता माउंट करायला जावं, तर ते पार्टिशन बहुधा फॅट फॉरमॅटचं. त्याला लागणारं व्हीफॅट मॉड्यूलही जुन्या कर्नलला सापडत नाही! अशा वेळी लाइव्ह यूएसबीने (लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हने) मशीन चालू करा, रूट आणि त्यात ‘बूट’ माउंट करा, आर्च-क्रूट या कमांडने डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरा आणि कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा. जाता जाता एफएसटॅबमध्ये (काय माउंट करायचं त्या यादीत) ‘बूट’ची ओळ आहे ना, तेही बघा.

उबुंटू या दुसऱ्या प्रकारात जुना कर्नल सहसा ठेवलेला असतो, त्यामुळे तिथलं दुखणं निराळं: नवा कर्नल झकास सुरू होतो, पण वाय-फाय गायब. कधी ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे जादा मॉड्यूल्सचं पॅकेज आलेलं नसतं. कधी ब्रॉडकॉमसारखा डीकेएमएसचा (प्रत्येक कर्नलसाठी मशीनवरच नव्याने बनवला जाणारा) ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनलेलाच नसतो, कारण त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, म्हणजे हेडर्स, नाहीत. नेटच नाही तर पॅकेज आणायचं कसं? ग्रब या बूटलोडरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुन्या कर्नलवर जा, तिथे वाय-फाय चालतं. नव्या कर्नलचे हेडर्स उतरवा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर बनलेलं मॉड्यूलही सहीअभावी नाकारलं जाऊ शकतं.

जुन्या फोल्डरातली मॉड्यूल फाइल उचलून नव्यात टाकायचा जुगाड मात्र नको. मॉड्यूलवर कर्नलच्या आवृत्तीचा शिक्का असतो, तो जुळला नाही तर कर्नल ते घेत नाही. जबरदस्तीने घ्यायला लावण्याचा पर्याय आहे, पण मशीन कोसळलं तर बोल कोणाला लावणार?

राहिली वीज. पावसाळ्यात आपल्याकडे ती ऐन अपग्रेडमध्ये जाते. उबुंटू किंवा डेबियन अर्ध्यावर अडकलं, तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा; राहिलेली पॅकेजेस बसतात, मशीन सुरू होताना लागणारी इनिट-रॅमएफएस ही फाइलही त्यातच तयार होते. ते पूर्ण होईपर्यंत रीस्टार्ट करू नका.