प्रबंध नापसंत झाला तर भांडायचं कशावर

(पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलेलं.)

मला विषय दिलाय पीएचडीच्या निकालाविरुद्ध अपील, आणि समोर बघतोय तर निम्म्या लोकांचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाची थोडक्यात रूपरेषा, पण अजून गेलेला नाही, म्हणजे साखरपुड्यालाच घटस्फोटाचा वकील बोलावल्यासारखं झालंय. असो. मी काही वर्षं एका विद्यापीठाच्या तक्रार समितीवर होतो, आणि रेफरी म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून प्रबंध तपासलेत, दोनदा नापसंतीचा रिपोर्टसुद्धा लिहिलाय. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात.

एका मुलाचं सांगतो, नाव गाव विद्यापीठ काही सांगणार नाही. प्रबंध नापसंत झाला म्हणून त्याने आमच्याकडे चौदा पानांची तक्रार दिली. त्यातली तेरा पानं दुसऱ्या रेफरीला विषय कसा कळत नाही, त्याचं वाचन कसं जुनं आहे, माझी पद्धत परदेशात कशी मान्य आहे, यावर. भाषा चांगली, संताप खरा, पण समितीत आम्ही पाच जण, त्यातल्या एकाचाही तो विषय नाही. काय करणार? चौथ्या पानावर एकाने घड्याळ बघितलं, मी पण चाळायला लागलो, खोटं कशाला बोलू. शेवटच्या पानावर अगदी तळाला एक ओळ होती, की पहिला रिपोर्ट पसंतीचा होता, दुसरा नापसंतीचा, आणि त्यानंतर थेट नापास झाल्याचं पत्र आलं. अरे बाबा! हीच तर तुझी तक्रार होती, बाकी तेरा पानं कशाला लिहिलीस?

आता का ते बघा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ ला आले. त्याप्रमाणे तुमचा प्रबंध गाईड तपासतो आणि कमीत कमी दोन बाहेरचे परीक्षक तपासतात, बाहेरचे म्हणजे त्या विद्यापीठाच्या नोकरीत नसलेले. दोघांनी हो म्हटलं, दुरुस्त्या सांगितल्या असतील त्या करून, तरच व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकाने नाही म्हटलं तर प्रबंध मंजूर पॅनलवरच्या, म्हणजे परीक्षकांच्या मंजूर यादीतल्या, तिसऱ्या माणसाकडे पाठवायचा, "शाल" आहे तिथे इंग्रजीत, म्हणजे ऑफिसच्या मर्जीवर नाही. तो तिसरा हो म्हणाला तर व्हायवा, तो पण नाही म्हणाला तर मग प्रबंध नामंजूर. आणि हे सगळं, व्हायवाचा निकाल धरून, सबमिशनपासून सहा महिन्यांत संपवायचं. ज्यांची नोंदणी त्या तारखेच्या आधीची आहे त्यांना २००९ चे किंवा २०१६ चे नियम लागतात, त्यामुळे आधी आपलं नोंदणीपत्र काढून तारीख बघा, मग मित्राच्या केसशी तुलना करा.

सहा महिन्यांचं ऐकून काहींचे डोळे चमकले, ते दिसलं मला. उशीर झाला ही तक्रार नक्की होते, पण उशीर झाला म्हणून 'नाही'चं 'हो' होत नाही. उशिराच्या तक्रारीने अडकलेला प्रबंध हलतो, पास होत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच की परीक्षकाच्या मतावर अपील नसतं, ते मत ज्या रस्त्याने आलं त्या रस्त्यावर असतं. कोर्टाचंही साधारण तेच आहे. आपल्याच महाराष्ट्र बोर्डाच्या पेपरतपासणीचा खटला होता, मुंबई हायकोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला, की शिक्षणातलं शिक्षणवाल्यांना ठरवू द्या. तेव्हा हायकोर्टात रिट टाकलीत तरी जज काही तुमचं तिसरं प्रकरण वाचणार नाहीत, पण तिसरा परीक्षक का नेमला नाही हे मात्र विचारतील.

मग रस्त्यात खड्डा होता की नाही हे कळणार कसं, तर कागद बघून. रिपोर्ट मागा. आधी साधा अर्ज, नाही दिला तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, तिथे पुन्हा चौदा पानं लिहू नका. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं की पहिलं अपील. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच मान्य केलाय, त्या निकालाचा आधार अर्जात घ्या. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, त्यावर हट्ट करू नका, नाव खोडून बाकीचं द्या असं आपणच लिहायचं, कायद्यात तशी सोय आहे. आणि नुसता रिपोर्ट मागून थांबायचं नाही, फाईलवरच्या टिपण्या पण मागा. प्रबंध कधी पाठवला, कुणाच्या सहीने, पोच कधी आली, स्मरणपत्र गेलं का, सगळं तिथे असतं.

रिपोर्ट हातात आला की राग बाजूला ठेवून वाचा, जमलं तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. मी एक रिपोर्ट असा बघितलाय की प्रबंधात प्रकरणं सहा आणि रेफरी सातव्या प्रकरणावर टीका करतोय. चुकून दुसऱ्याच प्रबंधाचा मजकूर चिकटलेला, कॉपी-पेस्ट काय फक्त विद्यार्थीच करतात असं नाही. हे मत नाही, ही चूक आहे, आणि ती दाखवायला अर्धं पान पुरतं.

जायचं कुठे, तर यूजीसीचे २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम आहेत. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिने कामाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश वगैरे. फेरतपासणीचे अर्ज ते घेतच नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवला तरच हात घालतात. लोकपाल नेमलेलाच नाही असंही ऐकायला मिळेल, २०२४ मध्ये यूजीसीने अशा विद्यापीठांची यादीच काढली होती. असं असलं तरी अर्ज कुलगुरूंच्या नावाने आवक करून ठेवा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. टेबलावर ठेवून जा म्हणाले तर ठेवू नका, उभे राहा.

अजून एक, 'सुधारून पुन्हा सादर करा' म्हणजे नापास नव्हे, त्यावर अपील करायला धावू नका. बाबासाहेबांचा लंडनचा रुपयावरचा डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्यांदा आहे तसा घेतला नव्हता. ते मुंबईला परत आले, सुधारून ऑगस्ट १९२३ मध्ये पुन्हा पाठवला, नोव्हेंबरमध्ये डिग्री. आणि तो पुस्तक म्हणून छापला तेव्हा त्यांचे गाईड एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत सरळ लिहिलंय की मला यातलं बरंच पटत नाही. पटत नाही आणि तरी प्रस्तावना, असा गाईड मिळाला तर जपा त्याला.

(मागून प्रश्न आला: सर, हे सगळं केलं तर गाईड नाराज होतील ना?)

होतील कदाचित. पण गाईडचा स्वतःचा पसंतीचा रिपोर्ट फाईलला असतो, प्रबंध पडला की नाक त्यांचंही कापलं जातं, ते बाहेर बोलत नाहीत इतकंच. त्या चौदा पानवाल्याचे गाईड आधी फोनच उचलत नव्हते. ऑफिसचं म्हणणं होतं की पॅनलवरची नावं संपली म्हणून तिसऱ्याकडे पाठवलं नाही. शेवटी गाईडनीच एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या, की मी सहा नावं दिली होती, मंजुरीची तारीख अमुक. आम्ही फाईल मागवली, सहाच नावं, दोघांपुढे टिक, चार कोरी. मग प्रबंध तिसऱ्याकडे गेला, पाच महिन्यांनी दुरुस्त्यांसह पसंतीचा रिपोर्ट आला, त्यातल्या दोन दुरुस्त्या त्या नापसंतीवाल्याने पण सांगितलेल्या होत्या.