पत्रावरचा शेरा

(दृश्य : ओस पडलेली इमारत. मोडक्या खिडकीतून येणारा उजेड. जमिनीवर धुळीने माखलेले कागद.)

मे २००१. मध्य आफ्रिकेतल्या चाड देशाची राजधानी एन्जामेना. दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेली ही सरकारी इमारत. आत पाऊल टाकायला फरशी दिसत नाही, इतके कागद विखुरलेत. एक उचला, कैद्यांची त्या दिवसाची यादी. दुसरा उचला, चौकशीचा अहवाल. तिसरा, मृत्यूचा दाखला.

हे डीडीएसचं मुख्य कार्यालय होतं. डीडीएस म्हणजे हुकूमशहा हिसेन हाब्रेचं राजकीय पोलीस खातं. हाब्रेने १९८२ ते १९९० अशी आठ वर्षं राज्य केलं. १ डिसेंबर १९९० रोजी त्याची राजवट कोसळली, तो देशाबाहेर पळाला आणि सेनेगलची राजधानी डाकारमध्ये ऐषारामात राहू लागला. चाडच्या चौकशी आयोगाने १९९२ मध्ये त्याच्या काळातल्या बळींचा अंदाज ४०,००० असा दिला होता. पण आयोगाचा अंदाज हा न्यायालयात पुरावा नसतो.

मानवी हक्क संघटनेच्या कार्यकर्त्यांना हे कागद सापडले, मोजले गेले, त्यांची सूची झाली. त्यात १२,३२१ माणसांची नावं निघाली. कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांच्या नोंदी निघाल्या. आणि खटल्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं म्हणजे, ८९८ कैद्यांबद्दल थेट हाब्रेला पाठवलेले १,२६५ निरोप निघाले.

हा शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा.

(दृश्य : टेबलावर एकेक कागद मांडणारे हातमोजे घातलेले हात.)

छळ झाला, माणसं मेली, हे सिद्ध करणं राष्ट्रप्रमुखाच्या खटल्यात तुलनेने सोपं असतं. जखमा असतात, कबरी असतात, जिवंत राहिलेले लोक असतात. अवघड असतं ते कोठडीपासून राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंतचं अंतर जोडणं. आरोपीचा बचाव जगभर जवळपास एकच असतो : खालच्यांनी परस्पर केलं, माझ्यापर्यंत काही आलंच नाही.

कायदा याला दोन बाजूंनी भिडतो. एक, त्याने हुकूम दिला हे दाखवायचं. ते जमलं नाही, तर वरिष्ठाची जबाबदारी दाखवायची, आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतात. गुन्हा करणारे खरोखर त्याच्या ताब्यात होते. काय चाललंय हे त्याला ठाऊक होतं, निदान ठाऊक असायला हवं होतं. आणि हातात अधिकार असून त्याने ते थांबवलं नाही की कोणाला शिक्षा केली नाही. तिन्हींपैकी एक जरी निसटली, तरी हा मुद्दा पडतो.

आता हाब्रेच्या कागदांकडे या नजरेने पाहा. ताबा कशावरून? १९८३ चा शासकीय हुकूमनामा डीडीएसला थेट राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली ठेवतो. मध्ये कोणी मंत्री नाही. माहिती कशावरून? ते १,२६५ निरोप. आणि हुकूम?

रेड क्रॉसने विनंती केली होती की काही आजारी युद्धकैद्यांना इस्पितळात हलवू द्यावं. त्या पत्रावर हाताने लिहिलेला एक शेरा आहे : यापुढे कोणताही युद्धकैदी, मृत्यू आल्याखेरीज, तुरुंगाबाहेर जाणार नाही. खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञाने ते अक्षर हाब्रेचं असल्याचं सांगितलं. ज्याने उभी राजवट गुप्ततेवर चालवली, त्याने एका ओळीत स्वतःला पकडून दिलं.

असा कागद हाती लागला की पहिली चूक होते ती उत्साहात. लोक गठ्ठे उचलून घरी नेतात, भिजलेले कागद उन्हात पसरतात, महत्त्वाच्या ओळींखाली पेनने रेघा मारतात. दोन वर्षांनी बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो : हा कागद मधल्या काळात कोणाकोणाच्या हातात होता? उत्तर नसेल तर कागद खरा असूनही त्याची किंमत घसरते. म्हणून उचलण्याआधी जागेवरच फोटो, मोजपट्टी आणि तारखेसह. कुठल्या खोलीत, कुठल्या गठ्ठ्यात, कोणी, कधी उचलला, याची त्याच दिवशी नोंद. प्रत्येक पानाला क्रमांक, पण तो मूळ पानावर न लिहिता पाकिटावर. काम करायचं ते प्रतीवर. प्रतींचे दोन संच, निदान एक देशाबाहेर. मूळ कागद ज्या हातातून ज्या हातात गेला, तिथे दर वेळी दोन सह्या. कंटाळवाणं काम आहे हे, पण खटला त्यावरच तरतो.

(दृश्य : मेणबत्तीच्या उजेडात लिहिणारा माणूस.)

पण कागद सापडण्याच्या दहा वर्षं आधीच एका माणसाने काम सुरू केलं होतं. सुलेमान गेंगेंग, पेशाने हिशेबनीस. दोन वर्षांहून अधिक काळ तो हाब्रेच्या तुरुंगात होता. १ डिसेंबर १९९० रोजी पहारेकरी पळाले, दारं उघडली, आणि तो बाहेर आला. सुटलेल्यांना, मेलेल्यांच्या बायकामुलांना गाठून त्याने ७९२ जणांची माहिती लिहून घेतली. नव्या सरकारात डीडीएसचे जुने अधिकारी पुन्हा खुर्चीवर बसले होते, त्यांच्या धमक्या आल्या, तेव्हा त्याने ते फॉर्म घरात लपवून ठेवले. सन २००० मध्ये डाकारच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली, ती या लपवलेल्या गठ्ठ्याच्या आधारावर.

आठवण ताजी असताना लिहून घेतलेल्या जबाबाला तोड नाही. वीस वर्षांनी साक्षीदार तारीख चुकतो, दोन कोठड्यांची गल्लत करतो, आणि उलटतपासणीत तेवढंच धरून त्याला खोटं पाडलं जातं. लिहून घेताना दोन साध्या गोष्टी पाळायच्या : स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगळं लिहायचं, आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. "छळ झाला" असं लिहून भागत नाही. कोणी, कशाने, कुठल्या खोलीत, आणखी कोण हजर होतं?

(दृश्य : लंडनमधल्या इस्पितळाचं दार. रात्र.)

पुरावा हाती आला तरी समोर भिंत असते ती पदाच्या संरक्षणाची. ती दोन प्रकारची आहे, आणि वर्तमानपत्रं दोन्ही नेहमी एकत्र कालवतात. पहिलं संरक्षण व्यक्तीला : राष्ट्रप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री खुर्चीवर आहे तोवर दुसऱ्या देशाचं न्यायालय त्याला हात लावू शकत नाही, आरोप कितीही गंभीर असो. देशादेशांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २००२ मध्ये काँगोच्या एका परराष्ट्रमंत्र्याच्या प्रकरणात बेल्जियमचं अटक वॉरंट याच कारणाने बेकायदा ठरवलं. दुसरं संरक्षण कृतीला : पद गेल्यावरही, पदावर असताना केलेल्या सरकारी कामाबद्दल.

या दुसऱ्या संरक्षणाला तडा गेला तो पिनोशेच्या प्रकरणात. चिलीचा हा माजी हुकूमशहा उपचारांसाठी लंडनला आला होता. स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवरून १६ ऑक्टोबर १९९८ रोजी त्याला अटक झाली. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने ३ विरुद्ध २ असा त्याच्याविरुद्ध निर्णय दिला, आणि तो रद्द झाला. कारण? पाचांपैकी एका न्यायाधीशाचा, त्याच खटल्यात बाजू मांडणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेशी संबंध होता आणि त्याने तो आधी सांगितला नव्हता. अशा खटल्यात न्यायाधीशाच्या सचोटीवर बोट ठेवायला केसाएवढीही फट राहता कामा नये, कारण आरोपीचे वकील पहिली काठी तिथेच घालतात.

सगळं पुन्हा ऐकलं गेलं. २४ मार्च १९९९ रोजी ६ विरुद्ध १ असा निकाल आला : छळ हे राज्यप्रमुखाचं काम मानून माजी प्रमुखाला त्याआड लपता येणार नाही. पण एक अट. ब्रिटनने छळविरोधी कराराला मान्यता दिली ८ डिसेंबर १९८८ रोजी, म्हणून त्यापुढचेच गुन्हे धरायचे. पिनोशेची सत्ता १९७३ पासूनची आणि सर्वांत भयानक वर्षं सुरुवातीची. बहुतेक आरोप एका तारखेने गळून पडले. शेवटी ५०३ दिवसांनंतर ब्रिटिश गृहमंत्र्याने प्रकृतीच्या कारणावरून त्याला सोडलं. २००६ मध्ये तो मरण पावला, कुठलीही शिक्षा न होता.

व्यक्तींवर खटले चालवणारं न्यायालय वेगळं, ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. त्याच्या कायद्यात कलम २७ आहे. तिथे पद हा बचावच नाही, खुर्चीवरचा राष्ट्राध्यक्षही आरोपी होऊ शकतो. पण या न्यायालयाकडे स्वतःचा एकही पोलीस नाही. सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष उमर अल-बशीर याच्यावर २००९ मध्ये वॉरंट निघालं. २०१५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत परिषदेला गेला. तिथल्या न्यायालयात त्याच्या अटकेवर सुनावणी चालू असताना त्याचं विमान उडालं. केनियाच्या उहुरू केन्याटांवरचा खटला वेगळ्या कारणाने संपला. फिर्यादी पक्षाने फोन, बँक आणि जमिनीच्या नोंदी केनिया सरकारकडे मागितल्या. सरकारचे प्रमुख स्वतः आरोपीच होते. साक्षीदार एकामागून एक मागे फिरले आणि डिसेंबर २०१४ मध्ये आरोप मागे घ्यावे लागले. आरोप सिद्ध झाला नाही, खोटाही ठरला नाही.

वेळ साधण्याची कसरत कशी असते ते लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या प्रकरणात दिसतं. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या विशेष न्यायालयात त्याच्यावरचं आरोपपत्र मार्च २००३ मध्ये तयार झालं, पण सीलबंद ठेवलं. जूनमध्ये तो शांतता चर्चेसाठी घानाला गेला, तेव्हा ते उघड केलं. घानाने अटक केली नाही. पण ऑगस्टमध्ये त्याला पद सोडावं लागलं, २००६ मध्ये तो नायजेरियाच्या सीमेवर पकडला गेला, आणि २०१२ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. आरोप ११ होते, आटोपशीर. शेजारी सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचचा खटला ठेवून पाहा : तीन युद्धं, ६६ आरोप, चार वर्षं सुनावणी, आणि मार्च २००६ मध्ये निकालाआधीच आरोपीचा कोठडीत मृत्यू. सगळं एकाच ताटात वाढण्याचा मोह समजण्यासारखा आहे, प्रत्येक गावाला आपला न्याय हवा असतो. तरी हृदयविकार असलेल्या साठीच्या आरोपीवर ६६ आरोप एकत्र चालवणं ही चूक होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : टेपरेकॉर्डरची फिरणारी चाकं.)

परक्या न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी घरातली कुलपं घट्ट लागतात. अमेरिकेत ऑक्टोबर १९७३ मध्ये वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणाची चौकशी करणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेप मागितल्या. निक्सनने कॉक्सना काढायचा आदेश दिला, त्यापायी महान्यायवादी आणि त्यांचा उपप्रमुख, दोघे एकाच संध्याकाळी पायउतार झाले, आणि तिसऱ्याने कॉक्सना काढलं. नंतरच्या विशेष वकिलाला नेमताना मात्र नियमात लिहून घेतलं की संसदेतल्या प्रमुख नेत्यांच्या संमतीशिवाय त्याला काढता येणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात निक्सनच्या वकिलांनी म्हटलं, हा तर सरकारच्या घरातला वाद, न्यायालयाचा इथे काय संबंध? तेव्हा तोच नियम कामी आला. २४ जुलै १९७४, निकाल ८ विरुद्ध शून्य, टेप द्या. ९ ऑगस्टला राजीनामा.

चौकशी करणाऱ्याची नोकरी ज्याची चौकशी आहे त्याच्या हातात असेल, तर बाकी तरतुदी शोभेच्या.

दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला. राज्यघटनेत तरतूद होती : संसदेच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली की तो उठवावाच लागतो. ३०० पैकी १५१ पुरे होते. सैनिक इमारतीत घुसत असताना १९० खासदार सभागृहात पोहोचले आणि सर्वांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिलं. हजर असलेल्यांऐवजी एकूण सदस्यांची अट घातली की आकडा आधीच ठरलेला राहतो, म्हणून दारं अडवून खासदार बाहेर ठेवण्याचा प्रयत्न होणार, हे धरूनच चालायला हवं.

(दृश्य : डाकारचं न्यायालय. पांढऱ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला आरोपी.)

पुन्हा हाब्रे. सेनेगलच्या न्यायालयाने २००१ मध्ये हात वर केले : परदेशात परक्याने केलेल्या छळाचा खटला चालवायचा अधिकार आमच्या कायद्यात नाही. पीडित बेल्जियमच्या न्यायालयात गेले. चाड सरकारने २००२ मध्ये हाब्रेचं पदाचं संरक्षण काढून घेतलं. बेल्जियमच्या दाव्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २० जुलै २०१२ रोजी सेनेगलला बजावलं : खटला चालवा, नाहीतर प्रत्यर्पण करा. आफ्रिकन युनियनशी करार होऊन विशेष न्यायपीठ स्थापन झालं. २० जुलै २०१५ रोजी खटला सुरू होताच हाब्रेने न्यायालयच मानायला नकार दिला, त्याचे वकीलही गैरहजर राहिले. न्यायपीठाने नवे वकील नेमून त्यांना तयारीसाठी ४५ दिवस दिले. हा वेळ वाया गेला असं अनेकांना वाटलं, पण वकिलाविना दिलेला निकाल अपिलात टिकला नसता. ९३ साक्षीदार झाले. ३० मे २०१६ : जन्मठेप.

अपिलात शिक्षा कायम राहिली, पण एक आरोप निसटला. एका महिलेने हाब्रेने स्वतः बलात्कार केल्याचं सांगितलं होतं. खालच्या न्यायपीठाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. मात्र ही घटना मूळ आरोपपत्रात नव्हती, ती उशिरा पुढे आली. तेवढ्यावरून तो दोष रद्द झाला. पहिल्या जबाबात जे लिहिलं जात नाही ते पुढे असं हातातून जातं. तिथे प्रश्न विचारणारी व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, खोलीत आणखी कोण बसलंय, यावर ते अवलंबून असतं.

भरपाईही ठरली : ७,३९६ पीडितांसाठी ८२ अब्ज सीएफए फ्रँकहून (हे चाडचं चलन) अधिक. फिलिपीन्सचा हुकूमशहा मार्कोसची सत्ता फेब्रुवारी १९८६ मध्ये गेली, आणि स्वित्झर्लंडने महिन्याभरात त्याची खाती गोठवली. तरी तो पैसा देशाच्या हाती यायला सुमारे १७ वर्षं लागली, पण तो होता. हाब्रेची फार थोडी मालमत्ता हाती लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये तो डाकारमध्ये कोविडने मरण पावला, तोपर्यंत त्या ७,३९६ जणांपैकी एकालाही या निधीतून एक फ्रँक मिळाला नव्हता.

(दृश्य : रेड क्रॉसच्या पत्रावरची हाताने लिहिलेली ओळ. कॅमेरा स्थिर.)