कयाक कलते तेव्हा कंबर काय करते

नमस्कार मंडळी.

कयाकचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : उलटते का हो? उलटते. होडी अरुंद, हलकी, आणि आपण तिच्यात जवळजवळ पाण्याच्या पातळीला बूड टेकून, पाय पुढे पसरून बसलेलो. पण विचारणाऱ्याच्या मनात असं असतं की तोल हा होडीचा गुण आहे. चांगली असेल तर उलटणार नाही, स्वस्तातली असेल तर उलटेल. मी नवख्यांना नदीवर कयाक शिकवते, आणि माझा बराचसा वेळ ही समजूत दूर करण्यात जातो. कयाकचा तोल बसणाऱ्याच्या कमरेत, गुडघ्यांत आणि मानेत असतो. तो तिथे सरावाने आणावा लागतो, आणि कुणालाही आणता येतो.

आपल्या कोकणातल्या जुन्या होड्यांना उलांडी असते. होडीच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्या आणि त्यांच्या टोकाला बांधलेलं लांबट लाकूड. होडी त्या बाजूला कलू लागली की लाकूड पाण्यावर टेकतं आणि तिला सावरतं; दुसऱ्या बाजूला कलली की त्याचं वजन तिला मागे खेचतं. होडीत बसलेल्याला काही करावं लागत नाही, त्याने खुशाल जाळं ओढावं. कयाकला अशी उलांडी नाही. जिथे ती हवी असते तिथे, हवी त्या क्षणी, आपल्याला आपलं वल्हं पाण्यावर टेकवावं लागतं, आणि तेही अर्ध्या सेकंदापुरतं.

होडी उलटते म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघू. तुमचं आणि होडीचं मिळून वजन खाली ओढत असतं, पाणी खालून वर ढकलत असतं. होडी सरळ असताना दोन्ही एका रेषेत असतात. ती उजवीकडे कलली की उजवी बाजू जास्त बुडते, म्हणून पाण्याचा रेटाही उजवीकडे सरकतो आणि होडीला परत सरळ करू पाहतो. तुमच्या वजनाची रेषा त्या रेट्याच्या आत आहे तोवर पाणी तुमच्या बाजूने आहे. रेषा त्याच्या बाहेर गेली की तेच पाणी तुम्हाला उलटं करायला मदत करतं.

घाबरलेला माणूस ताठ बसतो. होडी पंधरा अंश कलली की त्याचं डोकं, छाती, खांदे सगळं पंधरा अंश बाहेर जातं, आणि वजनाची रेषाही त्यांच्याबरोबर जाते. कंबर सैल असलेला माणूस होडीला खाली हवी तेवढी कलू देतो आणि छाती पाण्यावर सरळ ठेवतो. होडी तीच, पाणी तेच. एक जण उलटतो, दुसरा पुढे निघून जातो.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही कुठेही जात नाही. संथ पाण्यात, कमरेएवढ्या खोलीत, होडी नुसती डुचमळवायची. दोन्ही गुडघे डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या बाजूला टेकवायचे, पायांचे चवडे पुढच्या खुंट्यांवर, पाठ सरळ. मग एक गुडघा वर उचलायचा, मग दुसरा. होडी डावी-उजवी लवंडत राहिली पाहिजे आणि नाक जागचं हलता कामा नये. हे कंटाळवाणं वाटतं, आणि लोक दहा मिनिटांत विचारतात, "ताई, पुढे कधी जायचं?" पण कयाकमधला निम्मा तोल या डुचमळण्यात शिकला जातो, म्हणून मी कुणाला लवकर सोडत नाही.

होडी निवडताना लोक रुंद, सपाट बुडाची होडी मागतात. संथ तलावावर ती खरोखरच घट्ट वाटते. पण सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, म्हणून लाट तिरपी झाली की ते लाटेबरोबर तिरपं होतं. गोलसर बुडाची होडी बसल्या बसल्या हलते, नवख्याला धडकी भरवते, आणि लाटेत मात्र तुम्हाला सरळ राहू देते. समुद्रावरच्या कयाक साधारण पंचावन्न ते साठ सेंटिमीटर रुंद असतात. हलणारी होडी वाईट, हा निकाल पहिल्या दिवशी लावू नका.

आता वल्ह्याकडे येऊ. कयाकचं वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं असतं. कललेली होडी सावरण्यासाठी पातं पाण्यावर टेकवण्याच्या हालचालीला सगळीकडे ब्रेस म्हणतात, मीही तेच म्हणते. लो ब्रेसमध्ये कोपरं वल्ह्याच्या वर असतात, पात्याची पाठ पाण्याकडे, आणि जोर खाली दाबण्याचा. हाय ब्रेसमध्ये कोपरं वल्ह्याच्या खाली आणि पात्याचं पोट पाण्याकडे. हाय ब्रेसमध्ये हात हनुवटीच्या वर जाऊ देऊ नका आणि कोपरं बरगड्यांपासून लांब जाऊ देऊ नका. हात वर आणि मागे गेलेला असताना पाण्याने पातं खेचलं तर खांदा निखळतो. या खेळातली ही ओळखीची दुखापत आहे आणि ती बहुतेक वेळा याच चुकीने होते.

पातं पाण्यावर आपटलं की क्षणभर आधार मिळतो. पाणी जमिनीसारखं टिकत नाही, पातं लगेच बुडू लागतं. त्या क्षणात होडी सरळ करायची असते, आणि ती हाताने सरळ होत नाही. ती गुडघ्याने होते. उजवीकडे पडत असाल तर उजवा गुडघा वर ओढा, होडी तुमच्या खाली परत फिरते. काम झालं की पातं नव्वद अंश वळवून सुरीसारखं पाण्यातून बाहेर काढा. तसंच आडवं उचलायला गेलात तर पाणी त्याला धरून ठेवतं आणि नुकतीच सावरलेली होडी पुन्हा खाली जाते.

आणि डोकं. डोकं सगळ्यात शेवटी वर यायला हवं. हे ऐकून कुणालाच पटत नाही, म्हणून पुढे जमिनीवर बसलेल्यांनी जरा करून बघा. पाय पुढे पसरा, गुडघे थोडे बाहेर. आता उजव्या अंगाला कलंडताय असं समजा आणि डोकं झटकन डावीकडे वर उचला. उजवं बूड जमिनीवर दाबलं गेलं ना? होडीत तुम्ही उजवी कड आणखी बुडवली असती. आता उलट करा. उजवा कान उजव्या खांद्याकडे न्या. उजवं बूड आपोआप हलकं होतं, गुडघा वर येऊ लागतो. हीच हालचाल होडी सरळ करते. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं, आणि बुडणारा माणूस तेच आधी हवेत उचलू पाहतो. श्वास हवा असतो म्हणून उचलतो आणि त्यामुळेच पाण्याखाली जातो. शरीराची ही उपजत ओढ भाषणाने जात नाही. पाण्यात, पुन्हा पुन्हा, कान पाण्याला लावूनच ती मोडते.

वाहत्या पाण्यात तर सगळ्याच उपजत ओढी उलट्या पडतात. इथल्या पुष्कळांनी कोलाडला कुंडलिका पाहिली असेल. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं, म्हणून भर उन्हाळ्यातही ती वाहती असते. खडकामागच्या संथ पाण्यातून, म्हणजे एडीतून, मुख्य धारेत शिरताना नवखा माणूस येणाऱ्या धारेला बिचकतो आणि तिच्याकडे कलतो. धार त्या बुडालेल्या कडेवर चढते, डेकवर बसते आणि होडी पालथी घालते. खडकावर आडवं आदळताना तो खडकापासून दूर झुकतो, म्हणजे पुन्हा येणाऱ्या पाण्याकडे, आणि पुन्हा तेच होतं. समुद्रात किनाऱ्याजवळ फुटणारी लाट बाजूने आली की तो लाटेपासून पळायला किनाऱ्याकडे झुकतो. लाट होडीला किनाऱ्याकडे ढकलत असते, म्हणून किनाऱ्याकडची कड पुढच्या पाण्यात अडकते आणि होडी त्याच बाजूला पालथी होते.

या तिन्हींना नियम एकच आहे. होडी आणि पाणी एकमेकांवर ज्या बाजूने येतात, ती कड वर हवी. म्हणून धारेत शिरताना धार जाते तिकडे कला, खडकावर आदळलात तर खडकाला मिठी मारा, आणि फुटणाऱ्या लाटेवर पातं टेकून लाटेतच झुका. मिठी मारायची ती खडकाला, हे बुद्धीला एका मिनिटात कळतं. कमरेला कळायला आठवडे लागतात.

ज्यांच्याकडून ही होडी जगाला मिळाली त्यांनी हे कसं साधलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून पाचेक मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद कयाक बांधत. अंगातल्या कातडी अंगरख्याचा घेर होडीच्या तोंडाशी घट्ट बांधलेला, म्हणजे पाणी आत येत नाही आणि माणूसही सहज बाहेर पडत नाही. बाहेर पडला तरी त्या बर्फाच्या पाण्यात त्याला फार वेळ नव्हता. कयाकवर माणसांचे जीव जात, पुष्कळ जात. म्हणून मुलं लहानपणापासून सराव करत, पाण्यात आणि पाण्याबाहेरही. ताणून बांधलेल्या दोरांवर अंग गुंडाळून, उलटं होऊन पुन्हा वर येण्याच्या त्यांच्या कसरती आपल्या दोरीच्या मल्लखांबाची आठवण करून देतात.

मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या डेव्हिड क्रांझ याने ग्रीनलंडवर लिहिलेला ग्रंथ १७६५ मध्ये जर्मनीत निघाला. त्याने तिथल्या कयाकच्या दहा कसरती क्रमाने नोंदवल्या आहेत. पहिली कसरत पूर्ण उलटण्याची नाही. होडी कलवायची, अंग पाण्यावर आडवं टेकवायचं, वल्ह्याने तोल धरायचा आणि परत वर यायचं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. उलटून पुन्हा सरळ होणं, ज्याला आपण रोल म्हणतो, ते त्याच्या नंतर येतं. पुढे मग वल्हं डेकवरच्या पट्ट्यांत अडकलेलं असताना, वल्हं पाठीमागे असताना, वल्हं हातातून गेलेलं असताना सावरणं. सीलचा फास अडकल्यावर किंवा भाला फेकताना जे जे बिघडू शकतं, त्याची ही तालीम होती. आजही ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत हातात दगड धरून, नुसत्या कोपराने, हात छातीशी घडी घालून रोल करावे लागतात, ते याच परंपरेतून.

युरोपियनांमध्ये रोल करणारा पहिला म्हणून ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाचं नाव घेतात. १९२७ मध्ये त्याने तो प्रवासवर्णनं वाचून, स्वतःच प्रयत्न करून साधला. तेव्हापासून रोल हा या खेळाचा मुकुट झाला. मला तो आवडतो, मी तो शिकवते. पण आपल्याकडची मुलं इंटरनेटवर पाहून थेट रोलवर येतात आणि ब्रेस राहूनच जातो, हे मला पटत नाही. रोल उलटल्यानंतर लागतो. त्या आधीच्या अर्ध्या सेकंदात ज्याची कंबर जागी असते, त्याला रोल क्वचितच लागतो. आणि कुंडलिकेसारख्या उथळ, खडकाळ नदीत उलटणं म्हणजे डोकं दगडांच्या उंचीला नेणं. तिथे हेल्मेट असलं तरी न उलटणं केव्हाही बरं.

सराव पुरेसा असतो का? इंग्रज शोधयात्री जिनो वॉटकिन्स याने पूर्व ग्रीनलंडच्या लोकांकडून कयाक आणि रोल शिकून घेतला होता. तो चांगला कयाकर होता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली, तो कधीच सापडला नाही. वय पंचवीस. मी हे प्रत्येक तुकडीला सांगते. एकट्याने जायचं नाही.

तर सराव करायचा कसा? सगळ्यात आधी होडीतून बाहेर पडणं. पालथे झालात की पुढे वाका, डेकजवळ तोंड न्या, म्हणजे चेहरा दगडांपासून वाचतो. स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती घालून होडीचं तोंड झाकणाऱ्या कापडाची, पुढची दोरी ओढा, दोन्ही हात कडांवर ठेवून बूड मागे ढकला. हे डोळे मिटून, घाईशिवाय जमेपर्यंत बाकी काही शिकू नका, कारण आत अडकण्याची भीती असेल तर कंबर सैल होणारच नाही. मग डुचमळणं. मग कुणीतरी शेजारी उभं राहून तुमचे हात धरेल आणि तुम्ही कान पाण्याला लावून नुसत्या गुडघ्याने होडी फिरवाल. मग हातात वल्हं. दरवेळी थोडं जास्त कला, इतकं की कधीतरी खरंच उलटाल. एकदाही न उलटता संपलेला सराव फार लवकर थांबलेला असतो.

दुसरी बाजू सोडू नका. उजव्या हाताचा माणूस उजवीकडे शंभरदा ब्रेस करतो आणि डावीकडे दहादा, मग नदी त्याला डावीकडे पाडते. मी उलटं सांगते : जी बाजू जमत नाही तिने सुरुवात करा, अंग ताजं असताना. आणि एकदा दोन्ही बाजू जमल्या की शेजारच्याला सांगा की न सांगता होडी ढकल. तुम्ही बोलत असताना, पाणी पीत असताना, हेल्मेटचा पट्टा बांधताना ढकल. ठरवून केलेला ब्रेस आणि अचानक लागलेला ब्रेस यांत खूप अंतर आहे, आणि नदी ठरवून काही करत नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पावसाळ्यात नदीवर येऊ नये. दिवाळीनंतर, थंडीत, एखाद्या संथ तलावावर किंवा पोहण्याच्या तलावात सुरू करा. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून, कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा. होळीपर्यंत कंबर बोलू लागते, आणि मग कुंडलिका आहेच.