काठावरून पाण्यात

[दृश्य : उन्हाळ्याची दुपार. दगडी विहीर. पाण्यात उडी पडल्याचा आवाज, मग हशा.]

हा आवाज ज्यानं लहानपणी काढलाय, तो डोळे मिटूनही ओळखेल. मुटका. गुडघे पोटाशी, हातांची मिठी गुडघ्यांना आणि मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्यावरून थेट विहिरीत. काठावरच्यांना ज्यानं जास्त भिजवलं, तो जिंकला.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या त्या अशाच विहिरींत. परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधायचा. वाळलेला पांगारा इतका हलका की पोर बुडू म्हणता बुडत नाही. कुठं वाळका भोपळा, पुढं तेलाचा रिकामा डबा, त्याच्याही पुढं ट्रकची ट्यूब. कमरेला दोर, आणि दोराचं टोक मामाच्या हातात. पाचव्या-सहाव्या दिवशी मामा गुपचूप डबा सोडायचा आणि पोराला ते पलीकडच्या कपारीला हात लागल्यावर कळायचं.

दुसरीही एक पद्धत होती. धरायचं आणि ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी गेलं की आपोआप हातपाय मारतो, म्हणे. मारतात काहीजण. पण ज्यांनी त्या दिवशी गटांगळ्या खाल्ल्या आणि नंतर जन्मात पाण्याचं नाव काढलं नाही, त्यांचे किस्से पारावर कुणी सांगत नाही.

[दृश्य : तीच विहीर, सकाळ. पायऱ्यांवर कळशा, धुण्याचा दगड.]

दुपारच्या त्या गलक्यात मुली जवळजवळ नसायच्याच. त्या इथं सकाळी यायच्या, पाण्याला आणि धुण्याला. कोणत्या महिन्यात कितवी पायरी उघडी पडते, शेवाळ कुठं धरतं, सगळं तोंडपाठ. पाण्याशी दिवसाकाठी सगळ्यात जास्त संबंध त्यांचा, पण तो काठापुरता. पोरीच्या जातीला कशाला हवं पोहायला, एवढ्यावर विषय संपायचा.

[दृश्य : तालुक्याच्या गावचा जलतरण तलाव. फळ्यावर खडूनं लिहिलेलं : लेडीज बॅच, दुपारी 3 ते 4.]

या बॅचमध्ये एक काकू आहेत. वय 66, दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. त्यामागचा हिशेब सोपा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारा भार साधारण निम्मा होतो. मानेइतक्या पाण्यात उरतो जेमतेम दहावा हिस्सा. सत्तर किलोच्या बाईला तिचे गुडघे सात किलोची समजतात.

पण गुडघ्यांना पटलं तरी मनाला पटायला हवं ना. पहिल्या दिवशी काकूंनी कडेचा बार असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. शिकवणारी मुलगी पंचविशीची. ती म्हणाली, "काकू, आज पोहायचंच नाही. नुसते बुडबुडे काढायचे."

पोहण्याची खरी अडचण हातापायांत नसते, श्वासात असते. घाबरलेला माणूस श्वास कोंडून धरतो, डोकं वर आलं की घाईघाईत सोडायला आणि घ्यायला एकदमच जातो, आणि त्यात पाणी आत जातं. म्हणून श्वास सोडायचा तो पाण्याखालीच. तोंड वर येईल तेव्हा फक्त घ्यायचा.

काकूंना ते जमेना. मग ती मुलगी म्हणाली, "फुंकणीनं चूल फुंकली असेल ना तुम्ही? तशीच फुंकर. फक्त पाण्यात."

"अगं, मग आधी सांगायचंस की!"

चाळीस वर्षांचा सराव तो. बुडबुड्यांची रांग लागली.

[दृश्य : उथळ बाजू. गुडघाभर पाण्यात वडील, कडेवर बाळ.]

तान्ह्या बाळांचे पाण्याखालचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते पोहणं नव्हे. तोंडावर पाणी आलं की बाळाचा श्वास क्षणभर आपोआप रोखला जातो. ही उपजत क्रिया आहे आणि पहिल्या काही महिन्यांनंतर ती ओसरत जाते. तिच्या भरवशावर बाळाला पाण्याखाली नेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवणीनं बुडण्यापासून संरक्षण मिळतं, असा पुरावा नाही. मिळते ती ओळख. तशी तर आपल्याकडे ती बाराव्या दिवसाच्या आधीच होते, आजीच्या पसरलेल्या पायांवर, ऊन ऊन पाण्याखाली. तलावाचं पाणी मात्र तसं ऊन नसतं आणि बाळ पटकन गारठतं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मोठ्या माणसाचा हात सतत अंगाला लागलेला हवा, आणि त्या हातात मोबाईल नको.

हातपाय मारायला शिकायचं खरं वय त्यानंतर येतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता, दोन्ही शिकवा. दोन्ही, कारण बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणारा उडी मारतो आणि दोघं जातात. दोर फेका, साडी फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडतही नाही. तोंड पाण्यावर येतं ते जेमतेम श्वासापुरतं, हाक मारायला सवड कुठून असणार?

[दृश्य : सकाळची बॅच. चाळिशीतला एक गृहस्थ, जोरजोरात हात मारतोय, जागेवरच.]

सगळ्यात जास्त दमतात ते हे. बुडू नये म्हणून मान वर काढतात. मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय त्याहून खाली, आणि मग माणूस पाण्यात आडवा न राहता जवळजवळ उभा होतो. उभ्यानं कोण पुढं जाणार? पाठीला बांधायचा तो डबा खरं तर आपल्या छातीत जन्मापासून आहे. फुप्फुसं भरलेली असली की बहुतेकांचं अंग पाण्यावर राहतं. तोंड पाण्यात घाला, मान सैल सोडा, कंबर आपसूक वर येते. वाक्य एका ओळीचं आहे, अंगात उतरायला पंधरा दिवस लागतात.

[दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र.]

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यातले जवान, मुष्टियोद्धे. 1965च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. ते तलावाकडे वळले ते उपचार म्हणून. 1972मध्ये जर्मनीत, हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये, 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत संपवली. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं, तो विषय वेगळा.

[दृश्य : पुन्हा लेडीज बॅच. काठावर बसलेल्या सात-आठ जणी, पाय पाण्यात.]

इथं कुणाला पदक नकोय. एक सूचना मात्र रोज दिली जाते : बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. पाण्याच्या दाबानं पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावरचं काम वाढतं. पाण्यात गेल्यावर थोड्याच वेळात लघवीला लागते, तेही त्यामुळंच. लाजायचं नाही, बाहेर पडून जाऊन यायचं.

काकूंचा आज बाविसावा दिवस. बार सुटलाय. फळी धरून त्या रुंदी पार करतात. मधेच थांबतात, कारण शेजारणीला सुनेची काहीतरी गोष्ट सांगायची राहिलेली असते.

शिडीनं वर येताना तिसऱ्या पायरीवर त्या जरा रेंगाळतात. पाण्यात विसरलेलं वजन इथं परत येतं, गुडघ्यात पहिली कळ उठते. त्या मागं बघतात. घड्याळात अजून दहा मिनिटं आहेत. त्या परत खाली उतरतात.

"काकू, आता उताण्या व्हा. माझा हात आहे पाठीखाली."

मान मागं जाते. कान पाण्यात बुडतात. छाती भरते आणि वर येते. वर पत्र्याच्या छताच्या फटीतून ऊन येतंय. मुलीचा हात केव्हाच निघालाय.

"काकू, वेळ संपली!"

काकूंना ऐकू येत नाही. कान पाण्यात आहेत.