चित्रातला चांगला कोपरा

मित्रहो, चित्रकाराला लोक एक प्रश्न हमखास विचारतात: तुम्हाला सुचतं कसं? रोज काम करणाऱ्याला सुचतंच. दुसऱ्याचं चित्र बघताना सुचतं, रंग सांडला तरी सुचतं. मला आयुष्यभर जड गेलं ते सुचलेलं सोडणं. आज त्याबद्दलच बोलतो.

तिशीत मी एक मोठं तैलचित्र करत होतो. रिकामी खोली, खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं पांढरं फडकं. फडकं पहिल्याच दिवशी जमलं. रुंद ब्रशचे चार-पाच फटकारे, आणि घडीच्या आत निळसर सावली अशी उतरली की मीच बघत राहिलो. पुढचे तीन आठवडे मी त्या फडक्याची चाकरी केली. भिंत जरा उजळ केली की फडकं फिकं पडायचं, म्हणून भिंत पुन्हा गडद करायची. खुर्ची वाकडी होती, मला दिसत होतं. पण ती सरळ करायची तर फडकं हलवावं लागलं असतं. नाही हलवलं. तसंच प्रदर्शनात लावलं. येणारा प्रत्येक जण म्हणाला, "फडकं काय सुरेख आलंय!" चित्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला ते फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

पुढे मी पिकासोच्या 'गेर्निका'चे, म्हणजे गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्यावर त्यांनी काढलेल्या चित्राचे, ते घडत असतानाचे फोटो पाहिले. १९३७च्या मे महिन्यात त्यांनी तो कॅनव्हास रंगवायला घेतला, जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. छायाचित्रकार डोरा मार यांनी टप्प्याटप्प्यानं फोटो काढून ठेवले, हे आपलं मोठं भाग्य. सुरुवातीला पडलेल्या योद्ध्याचा हात ताठ वर उठलेला आहे, मूठ वळलेली. पुढच्या टप्प्यात त्या मुठीत कणसं येतात, मागे सूर्यासारखं मोठं वर्तुळ. बघणाऱ्याला लगेच कळावी अशी जोरकस खूण. आणि ती त्यांनी काढून टाकली! आज तो हात जमिनीलगत आहे, मुठीत मोडकी तलवार. मूठ राहिली असती तर सगळ्यांची नजर तिथेच गेली असती, आणि मेलेलं मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई बाजूला पडली असती, असं मला वाटतं. ती मूठ पुसताना त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा मी कितीतरी वेळा विचार केला आहे.

पुसण्याचीही एक रीत असते. तैलरंग ओला असेल तर पॅलेट नाइफनं खरवडायचा, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या चिंधीनं पुसायचं. खाली एक करडा डाग उरतो. तो करडा मुद्दाम कालवून कधीच मिळत नाही; माझ्या कितीतरी चित्रांचा खरा रंग तिथून सापडला आहे. ॲक्रिलिक लवकर वाळतं, ते वरून झाकावंच लागतं. जलरंगातला कोबाल्ट निळा ओल्या ब्रशनं बराचसा उचलता येतो, थॅलो निळा मात्र कागदात मुरतो तो मुरतोच. आणि कोळसा? कितीही पुसा, आधीच्या रेषेची सावली राहते. म्हणून नव्या मुलांना मी आधी कोळसा देतो. पुसलेलं वाया जात नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

वय वाढलं की आणखी एक अडचण येते. हात बसतो. लोक हे कौतुकानं म्हणतात, मला धास्ती वाटते. बसलेला हात दर वेळी तेच सुरेख फडकं काढून देतो आणि आपण त्यावर खूश होतो. फ्रेंच चित्रकार मातीस यांचं १९४१ साली मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर ईझलसमोर, म्हणजे चित्राच्या घोडीसमोर, उभं राहणं अवघड झालं. हळूहळू त्यांनी कात्री जवळ केली. रंगवलेले कागद कापायचे, भिंतीवर टाचणीनं लावायचे, नाही पटलं तर टाचणी काढून दोन बोटं सरकवायचे. या टाचणीचा मला हेवा वाटतो. आवडलेला आकार न फाडता, न पुसता नुसता हलवून बघता येतो.

माझ्याकडे टाचणी नाही, तळहात आहे. संध्याकाळी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो. सकाळी वळवलं की नजर पहिल्यांदा जिथे जाते, त्या जागेवर तळहात धरतो आणि उरलेलं चित्र बघतो. कधी ते त्या जागेवाचून पोरकं दिसतं. मग ती जागा ठेवायची. कधी ती जागा झाकताच चित्रानं मोकळा श्वास घेतल्यासारखं दिसतं. सध्या ईझलवर एक पिवळा आहे, फार मनासारखा आलेला. गेले चार दिवस रोज सकाळी मी त्याच्यावर हात धरतोय. आज निघताना चिंधी टर्पेंटाइनच्या बाटलीशेजारी काढून ठेवली आहे.