तेलाच्या बाटलीवर काय लिहायचं?

सोयाबीनच्या रिफाइंड तेलाच्या दोन बाटल्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींतलं तेल एकाच शेतातल्या, जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचं. एक बाटली युरोपीय संघात विकायला गेली, दुसरी अमेरिकेत. पहिलीवर 'जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनपासून' असं छापावंच लागतं. दुसरीवर, तेलात बदललेला जनुकीय अंश सापडत नसेल, तर काहीही लिहायची सक्ती नाही. तेल तेच, लेबलं दोन. आज मला बोलायचंय ते या फरकाबद्दल.

तो पडतो कसा, हे आधी बघू. दाणा दाण्याच्या रूपात असतो तोवर तपासणी सोपी असते. मका भरडायचा, पिठात पाणी घालून खळखळून हलवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या पाण्यात एक अरुंद पट्टी बुडवून ठेवायची. नव्या जनुकानं बनवलेलं प्रथिन त्यात असेल तर काही मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटतात. नसेल तर एकच. ती फक्त पट्टी चांगली आहे एवढं सांगते. गोदामाच्या दारात उभ्या उभ्या हे काम होतं. पण तेल शुद्ध करताना प्रथिनं आणि डीएनए जवळजवळ सगळे निघून जातात. साखरेचंही तेच. पट्टी बुडवून उपयोग नाही, तिथे कागदपत्रंच बोलतात.

अमेरिकेचा नियम 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचा झाला. तो विचारतो, या पदार्थात काय आहे? युरोपचे 2003 चे नियम विचारतात, हा आला कुठून? मी दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूचा आहे. त्यासाठी शेतापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवावी लागते, आणि नकळत झालेल्या भेसळीला प्रत्येक घटकामागे 0.9 टक्क्यांपर्यंतच सूट मिळते. अर्थात युरोपही हा नियम शेवटपर्यंत नेत नाही. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, सोयाबीन खाल्लेल्या जनावराचं दूध किंवा मांस लेबलाविनाच विकलं जातं.

माझं हे म्हणणं भीतीपोटी नाही, हे स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2016 साली शेकडो अभ्यास तपासले. बाजारात असलेल्या जीएम अन्नामुळे आरोग्याला जास्त धोका होतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला तो निष्कर्ष मान्य आहे. पण तो निष्कर्ष मंजुरी मिळालेल्या, तपासलेल्या वाणांबद्दल आहे, आणि मंजुरीला अर्थ येतो तो माल वेगळा ठेवला तरच. 'स्टारलिंक' नावाचा जीएम मका आठवा. त्यातलं प्रथिन पचायला वेळ लागतो, ॲलर्जीची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून अमेरिकेत त्याला 1998 साली फक्त पशुखाद्य आणि औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली. 2000 साली तोच मका माणसांच्या खाण्यात सापडला. तो खाऊन त्रास झाल्याची तक्रार केलेल्यांच्या रक्ताच्या तपासणीत त्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, हे खरं. तरीही दुकानांतला माल परत मागवावा लागला. दाण्याकडे बघून कुणाला कळणार होतं, कुठला जनावरांचा आणि कुठला माणसांचा?

आता जमिनीकडे वळू, कारण लेबलं सगळ्यात जास्त लपवतात ते इथेच. 1996 साली ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारं सोयाबीन अमेरिकेत आलं. तण मारायला नांगर फिरवायची गरज कमी झाली, मातीची धूप कमी व्हायला मदत झाली. हा फायदा खरा होता. मग वर्षानुवर्षं, लाखो एकरांवर तेच एक तणनाशक फवारलं गेलं. फवाऱ्यातून जगणारं प्रत्येक रोप आपलं बी मागे ठेवत गेलं. 2005 पर्यंत अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात पामर अमरँथ हे तण ग्लायफोसेटला दाद देईनासं झालं. याच्या एका मादी झाडाला लाखो बिया येतात. त्यावर उपाय म्हणून डायकांबासारखं दुसरं तणनाशक सोसणारे वाण आले, आणि डायकांबा वाऱ्यानं शेजारच्या शेतात जातो.

याच्या शेजारी अमेरिकेच्या हवाई बेटांवरची पपई ठेवा. रिंगस्पॉट विषाणूनं तिथल्या बागा संपत आल्या होत्या. त्याच विषाणूच्या आवरणाचं जनुक घातलेल्या पपईचं बी 1998 साली शेतकऱ्यांना दिलं गेलं आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. त्या गुणासाठी जास्तीचं कुठलंही रसायन फवारावं लागत नाही.

लेबलावर या दोघांना एकच शब्द आहे. कुठला गुण घातला आणि कशासाठी, हे त्यात येत नाही. 'तणनाशक सोसणारं', 'विषाणूला दाद न देणारं' एवढे दोन शब्द छापायला जागा लागते ती किती? टिकाऊ शेती कुठली, हे त्या दोन शब्दांवरून ग्राहकाला विचारता तरी येईल.

आणि हे आत्ताच ठरायला हवं. जनुक-संपादनात, म्हणजे पिकाच्याच जनुकात नेमक्या जागी बदल करण्याच्या तंत्रात, परकं जनुक मागे राहीलच असं नाही. पुष्कळदा निसर्गातही होऊ शकेल एवढाच बदल उरतो. जपानमध्ये असा टोमॅटो 2021 पासून विकला जातोय. युरोपच्या न्यायालयानं 2018 मध्ये अशा पिकांना जीएमचेच नियम लावले. पण तो बदल माणसानं केला की आपोआप झाला, हे फळ तपासून सांगता येत नाही. बियाणं विकणाऱ्यानं पहिल्या दिवशी केलेली नोंद, एवढाच पुरावा तिथे उरतो.